सव्वासहा फुटांचा ड्रायव्हर

लंबूकाका शोरूममध्ये शिरले की सेल्समन मायलेजचा पाढा सुरू करतो. काका तो अर्ध्यावरच थांबवतात. "आधी बसून बघू दे रे," म्हणतात आणि दार उघडून सीट मागे सरकवायचा दांडा चाचपू लागतात. सांगलीचे हे निवृत्त प्राध्यापक उंचीने सव्वासहा फूट. आपल्याकडच्या पुरुषांची सरासरी उंची साडेपाच फुटांच्या आसपास, त्यामुळे खाटा, दारांच्या चौकटी, एसटीची बाकं हे सगळं त्यांना जन्मभर दुसऱ्याच्या मापाचं मिळालं. गाड्यांचं तसं नाही. गाड्या कधी त्यांच्या मापाच्या झाल्या, कधी झाल्या नाहीत. आणि दोन्ही वेळा त्यामागचं कारण भलतंच निघालं.

गाडी चालवायला ते शिकले वडिलांच्या मित्राच्या अँबॅसडरवर. मूळची ही इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, १९५० च्या दशकात उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात बनू लागलेली. छत उंच, बैठक ताठ. लग्नाच्या वरातीत फेटा बांधलेला नवरदेवही न वाकता आत बसायचा. स्टिअरिंग जड, ब्रेक रामभरोसे, पण डोक्यावर जागा होती. गाडीत डोकं टेकतं म्हणजे काय, हे काकांना तेव्हा ठाऊकच नव्हतं.

ते मारुती ८०० ने शिकवलं.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेली ही गाडी सुमारे ३.३ मीटर लांब आणि १.४ मीटर उंच. नोकरदारांना परवडणारी आणि बंद न पडणारी म्हणून घरोघरी गेली, तशी काकांकडेही आली. क्लच दाबायचा तर डावा गुडघा स्टिअरिंगला अडायचा, म्हणून तो बाहेरून वळवून घ्यायचा. सिग्नलला पहिल्या नंबरवर थांबलं की दिवाच दिसायचा नाही. मान खाली घालून काचेच्या वरच्या कडेखालून डोकवायचं. कॉलेजच्या गेटातून पोक काढलेली आकृती आत आली की पोरं म्हणायची, सर आले.

सुटका झाली ती जपानच्या एका नियमामुळे. तिथे 'केइ' वर्गातल्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळते, पण आकाराला मर्यादा असते. १९९३ मध्ये सुझुकीने वॅगनआर काढली तेव्हा ही मर्यादा लांबीला ३.३ मीटर, रुंदीला १.४ मीटर होती. उंचीला मात्र २ मीटरपर्यंत मुभा. लांबी-रुंदीत वाव नाही म्हटल्यावर गाडी वर वाढली. खुर्ची उंच केली की पाय पुढे पसरण्याऐवजी खाली सोडता येतात, आणि कमी लांबीतही गुडघ्यांना जागा होते. भारतात ह्युंदाईची सँट्रो १९९८ मध्ये आणि वॅगनआर १९९९ च्या अखेरीस आली. शेजारी वॅगनआरला डबा म्हणाले. काकांनी २००७ मध्ये तोच डबा घेतला आणि पाठ टेकून गाडी चालवू लागले.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. २०२२ मध्ये पर्यावरण कर भरून, फिटनेस करून काकांनी ती पाच वर्षांनी वाढवून घेतली. आता तीही मुदत संपत आली, आणि तळाचा पत्रा गंजलाय. म्हणून पुन्हा शोरूमच्या फेऱ्या.

आता बाजारात बहुतेक गाड्या बाहेरून उंच दिसतात. त्यामागे आपल्याकडचा नियम आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांना जीएसटी १८ टक्के, मोठ्यांना ४० टक्के. म्हणून इथेही गाड्या वर वाढल्या. पण वाढलेली उंची डोक्याच्याच वाट्याला येते असं नाही. एसयूव्हीत ती बरीचशी चाकांखाली आणि जमिनीपासूनच्या उंचीत जाते. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी तळाशी असते. तळ वर आला की गुडघे वर येतात आणि मांड्यांना खालून आधार राहत नाही. राहिलेल्यातले इंच-दोन इंच सनरूफची चौकट घेते.

काकांची परीक्षा टेपशिवाय होते. सीट शेवटपर्यंत मागे, शेवटपर्यंत खाली. पाठ टेकून बसायचं आणि डोकं व छत यांच्यामध्ये मूठ ठेवून बघायची. मग क्लच पूर्ण दाबून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवायचं. छातीपासून एअरबॅग निदान वीतभर, २५ सेंटिमीटर तरी लांब हवी. काकांची अडचण उलटी. पायांसाठी सीट मागे घेतली की स्टिअरिंग लांब जातं, खांदे पुढे ओढले जातात, आणि मधला खांब नेमका बाजूच्या नजरेच्या आड येतो. शेवटी हेडरेस्ट. तो डोक्याच्या वरच्या कडेपर्यंत यायला हवा. स्वस्त मॉडेलात तो सीटलाच जोडलेला असतो आणि काकांच्या मानेशी थांबतो. मागून धडक बसली तर मान त्यावरून मागे मोडायची.

खरी मेख व्हेरिअंटमध्ये आहे. पुढेमागे सरकणारं स्टिअरिंग आणि वरखाली होणारी सीट बहुधा टॉप मॉडेललाच मिळते. टॉप मॉडेलला सनरूफही मिळतो. म्हणजे हातांची सोय करायची तर डोक्याची जागा विकायची.

"सनरूफ नसेल तर रीसेलला मार खाल, काका," सेल्समन म्हणाला.

"विकायला घेतोय का मी?"

काकूंचं म्हणणं वेगळं. त्या पाच फूट एक इंच, आणि गाडी त्याही चालवतात. पॅडलपर्यंत पाय पोचवले की स्टिअरिंग त्यांच्या छातीला भिडतं. काकांना लांब वाटणारी एअरबॅग त्यांना फार जवळ येते. सरकणारं स्टिअरिंग आणि उचलता येणारी सीट त्यांनाही तितकीच हवी. साडेपाच फुटांच्या दोन्ही टोकांना असलेल्या या घरात एवढ्यावर मात्र एकमत आहे.

मधल्या व्हेरिअंटपैकी एकात दोन्ही सोयी निघाल्या, तेही साध्या छतासह. मुठीची परीक्षा पास झाली. पण दहा मिनिटांत मूठ बोलते, पाठ बोलायला तास लागतो, म्हणून टेस्ट ड्राइव्ह कोल्हापूरपर्यंत द्या असा काकांनी हट्ट धरला. मॅनेजर घासाघीस करत वाटेतल्या अंकलीच्या पुलावर आला. जाताना गाडी काका चालवणार, येताना काकू, असं ठरलंय, आणि पावती त्यानंतर.