अंगठ्याखालचा खटका

टीव्हीचा रिमोट घराघरांत असतो आणि कित्येक घरांत त्याच्या पाठीवर चिकटपट्टी किंवा रबरबँड असतो. रिमोट उत्तम चालत असतो. मोडलेला असतो तो सेलच्या झाकणाचा खटका. नखाएवढा हा तुकडा तुटला की संपूर्ण वस्तू ग्राहकाच्या मनातून उतरते आणि बोल लागतो तो विकणाऱ्या दुकानाला. म्हणूनच प्लास्टिकच्या वस्तू विकणाऱ्या, आणि आता स्वतः बनवू पाहणाऱ्या घरांतील तरुणांनी हा खटका एकदा निरखून पाहावा.

त्यात धातूची स्प्रिंग नसते, स्क्रू नसतो. झाकणाच्या कडेशी प्लास्टिकचीच पट्टी इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वळवलेली असते व तिच्या बाहेरील अंगास लहानसा आकडा असतो. अंगठ्याने दाबले की पट्टी वाकते आणि आकडा खोबणीतून सुटतो. सोडताच ती पूर्ववत होते. आकड्याची पुढची बाजू उतरती असल्याने झाकण सहज बसते. मागची बाजू जवळपास उभी असल्याने ते आपोआप निघत नाही.

खटके मोडू लागले की पट्टी जाड करण्याची सूचना हमखास पुढे येते. गफलत होते ती येथेच. जाडी दुप्पट केली, तर पट्टी तेवढीच वाकवताना तिच्या मुळाशी ताणही दुप्पट पडतो आणि अंगठ्याला आठपट जोर लावावा लागतो. उलट जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर ताण एकचतुर्थांशावर येतो. 'यू'चे वळण असते ते यासाठीच. थोड्या जागेत लांबी साधते. मुळाशी टोकदार कोपरा राहिला तर तडा तेथूनच जातो, म्हणून तेथे गोलाई हवी. झाकण बंद असताना पट्टी वाकलेली राहता कामा नये. सतत दाबाखाली असलेले प्लास्टिक हळूहळू त्याच आकारात स्थिरावते व पकड सैल होते. दाणाही ठिसूळ पॉलिस्टायरीनचा नको. रिमोटला एबीएस चालते. झाकण वारंवार उघडायचे असेल तर नायलॉन किंवा अॅसिटल अधिक बरे.

साचा करतानाही सबुरी लागते. साच्यातील पोलाद कोरून काढणे सोपे असते; पुन्हा भरणे अवघड व खर्चिक. त्यामुळे आकडा प्रथम थोडा आखूड ठेवावा, नमुने काढून झाकण शेकडो वेळा उघडून-लावून पाहावे आणि गरजेपुरताच साचा अधिक कोरावा.

मुळाशी गोलाई दिल्याने दाण्याचा खर्च जाणवण्याइतका वाढत नाही. साचा कोरण्यापूर्वी चार दिवस विचारात घालवावे लागतात, एवढेच. माल घाऊक उचलणाऱ्यानेही नमुना हाती येताच झाकण काढून पट्टीचे मूळ पाहावे, पंचवीसदा उघडझाक करावी आणि मगच ऑर्डर लिहावी.