कुंभकोणमहून तंजावरच्या थाळीकडे

महामहम तलाव पाहिला, पितळी भांड्यांच्या दुकानांतून फेरफटका झाला, की कुंभकोणमला आलेली मंडळी परतीची गाडी शोधू लागतात. पण तिथून तंजावर अवघे चाळीस किलोमीटर. तिथली शोभेची थाळी मराठी माणसाने पाहायलाच हवी. व्यंकोजीराजांच्या वंशातील सरफोजीराजे दुसरे (१७७७-१८३२) यांनी ती दरबारी कारागिरांकडून प्रथम घडवून घेतली, असे सांगतात.

एका थाळीमागे तीन कारागीर असतात. पहिला पितळेची थाळी घडवतो. दुसरा साच्यावर चांदी-तांब्याचा पातळ पत्रा ठोकून देवदेवतांचा उठाव काढतो आणि मागची पोकळी मेणासारख्या मिश्रणाने भरतो. तिसरा तो उठाव थाळीवर पक्का बसवतो.

आज संगणकावर अशी गोल नक्षी घरबसल्या काढता येते, रंगही हवे तसे बदलता येतात. मुलांना ती जरूर काढू द्या. मात्र पडद्यावर बोट फिरवले तर हाताला काचच लागते. थाळीवर गणपतीची सोंड लागते!

विकत घेताना उठाव चांदीचा की दुसऱ्या पांढऱ्या धातूचा, हे विचारून घ्यावे. आणि घासाघीस करण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे, की त्या किमतीत तिघांची मजुरी आहे. ती सुटली नाही, तर त्यांची मुले हे काम शिकतील कशाला?