कार्डावरची अक्षरे

गेल्या पावसाळ्यात आमच्या ह्यांच्या छातीत जोराची कळ आली. १०८ ची गाडी बोलावून खामगावहून अकोल्याला नेले. जीव वाचला. सहाव्या दिवशी सुट्टी झाली आणि हाती एक कार्ड पडले. त्यावर सगळी इंग्रजी अक्षरे. एम.आय., एल.व्ही.ई.एफ. ४० टक्के, आणि असेच काहीबाही. विचारावे म्हटले, तर डॉक्टरांपुढे ही गर्दी. आम्हीही बुजलो आणि तसेच निघालो.

घरी आल्यावर शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराने कार्ड वाचले. म्हणाला, "काका, हृदय चाळीस टक्केच चालते." झाले! साठ टक्के गेले असे धरून ह्यांनी अंथरूण धरले. जेवण सुटले. एका रात्री म्हणाले, "माझ्या डोळ्यांदेखत धाकटीचे लग्न उरकून टाकू." मी पदराने डोळे पुसले आणि गप्प राहिले.

आमची थोरली पुण्याला असते. तिथे रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ती स्पॅनिश भाषा शिकली. आता स्पेन, मेक्सिकोकडच्या रुग्णांचे हृदयाचे कागद इंग्रजीत उतरवण्याचे काम करते. रविवारी ती आली, कार्ड वाचले आणि हसली. मला रागच आला.

"बाबा, शंभर टक्के कोणाचेच नसते," ती म्हणाली. "हृदयाचा डावा कप्पा रक्ताने भरतो. त्यातले किती रक्त एका ठोक्यात बाहेर जाते, त्याचे हे माप. धडधाकट माणसाचेही साधारण ५५ ते ७० असते. तुमचे ४० आहे. कमी आहे, पण औषधाने पुष्कळांचे वाढते."

ह्यांनी दोनदा विचारले, "शंभर नसतेच?" त्या रात्री दीड भाकर खाल्ली. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनीही तेच सांगितले.

मी लेकीला तिच्या कामाचे विचारले. ती म्हणाली, "स्पॅनिशमध्ये याच मापाला एफ.ई.व्ही.आय. लिहितात. शब्दांचा क्रम उलटा, म्हणून अक्षरेही उलटी. इंग्रजीतला एम.आय. म्हणजे हृदयाचा झटका. स्पॅनिशमध्ये तो आय.एम. होतो. पण तिकडे आय.एम. म्हणजे हृदयाची एक झडप गळणे असाही अर्थ आहे, आणि स्नायूत द्यायचे इंजेक्शन असाही. म्हणून नुसती अक्षरे फिरवून भागत नाही. आधी पूर्ण शब्द काढायचा, मागची-पुढची ओळ बघायची. तरी शंका राहिली तर विचारायचे. अंदाज करायचा नाही."

आम्ही तर नुसता अंदाजच केला होता!

जाताना तिने औषधांची अक्षरेही मराठीत लिहून दिली. ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा, बी.डी. दोनदा, टी.डी.एस. तीनदा, एच.एस. झोपताना. ही अक्षरे इंग्रजीसुद्धा नाहीत, जुन्या लॅटिन भाषेतली आहेत. तो कागद कॅलेंडरशेजारी लावला आहे.

परदेशातल्या माणसाच्या कागदाचा अर्थ चुकू नये म्हणून माझी लेक रात्र-रात्र जागते. आपला कागद मात्र आपणच न विचारता पिशवीत घालतो. भगिनींनो, कार्ड हाती पडले की लगेच निघू नका. डॉक्टरांना विचारा, सिस्टरला विचारा, आणि अक्षराशेजारी मराठीत अर्थ लिहून घ्या. विचारण्यात कसली लाज?

हे आता रोज सकाळी फिरायला जातात. धाकटी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लग्नाचा विषय पुन्हा निघाला नाही.