सुधारून वाढविलेली आवृत्ती

एखाद्या पुस्तकावर ‘सुधारून वाढविलेली आवृत्ती’ असे छापलेले दिसले की मला हसू येते. वर्गातल्या मुलांना वाटते, बाईंना काहीतरी वाङ्मयीन विनोद आठवला असेल. त्यांना काय ठाऊक, की त्या क्षणी बाईंच्या डोळ्यांपुढे केसांचे दोन अंबाडे बांधलेली, निळ्या पोशाखातली एक चिनी मुलगी उभी असते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पाचपन्नास लाथा मारून मोकळी होते!

तिचे नाव चुन-ली. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर टू’ हा नाणे टाकून खेळायचा मारामारीचा खेळ काढला. त्यात निवडायला आठ लढवय्ये होते. सात पुरुष, आणि वडिलांच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेली ही एकटी पोलीस अधिकारी. भारतातला म्हणून एक धालसिम होता. गळ्यात कवट्यांची माळ, रबरासारखे लांब होणारे हात आणि तोंडातून जाळ! योगाभ्यासाने माणूस इतकी मजल मारतो, हे आमच्या शाळेतल्या योगाच्या बाईंनी आम्हांला कधी सांगितले नव्हते.

पुण्यात आमच्या वाड्यामागच्या गल्लीत असल्या खेळांचे एक दुकान होते. दादा आत जाई. मी बाहेर पायरीवर त्याचे दप्तर सांभाळीत बसे. मुलींनी आत जायचे नाही, असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. त्यामुळे तो मोडायचीही सोय नव्हती. आतून ठोशांचे आवाज येत आणि घरी जाताना दादा त्यांचा अर्थ सांगे.

खेळाच्या नव्या आवृत्त्यांच्या बातम्याही मला पायरीवरच कळल्या. १९९२ साली ‘चॅम्पियन एडिशन’ निघाली. पूर्वी दोघांना एकच लढवय्या घेता येत नसे. आता येऊ लागला, एकाच्या कपड्यांचा रंग तेवढा बदलून. यंत्राच्या बाजूने लढणारे शेवटचे चार दांडगे गडीही आपल्याला घेता येऊ लागले. लोकांनी चोरून फेरफार करून भलत्याच वेगाची यंत्रे बाजारात आणली, तेव्हा त्याच डिसेंबरात कंपनीनेही वेग वाढवून ‘टर्बो’ काढला. त्यात चुन-लीला हातांतून तेजाचा गोळा फेकण्याची विद्या मिळाली. दादाने हे सांगितले तेव्हा मला स्वतःलाच बढती मिळाल्यासारखे वाटले.

माझ्यासाठी दार उघडले ते निराळ्याच बाजूने. हा खेळ घरच्या टीव्हीवरही येऊ लागला होता; १९९२ मध्ये सुपर निन्टेन्डोवर, १९९३ मध्ये सेगाच्या मेगा ड्राइव्हवर. वाड्यातल्या एका काकांनी मस्कतहून मेगा ड्राइव्ह आणला. १९९४ च्या मे महिन्यात, काकू दुपारी आडव्या झाल्या की टीव्हीचा आवाज बंद करून मी खेळत असे. दुकानातल्या यंत्राला बटणे सहा: तीन ठोशांची, तीन लाथांची. घरच्या साध्या कंट्रोलरला तीनच. ठोशांवरून लाथांवर यायचे तर मध्येच स्टार्टचे बटण दाबावे लागे. सहा बटणांचा कंट्रोलरही निघाला होता, पण तो काही मस्कतहून आला नाही. मी ठोशांचा नादच सोडला. सुट्टीभर लाथाच मारल्या आणि दादाला सलग अकरा वेळा हरवले.

“घरचा खेळ आहे हा!” दादा फणकारला. “तिकडे चल, मग बघू.”

आणि खरोखरच तो मला आत घेऊन गेला. नंबर लावायचा तर काचेखालच्या पट्टीवर रुपया ठेवायची पद्धत होती. माझा रुपया दादानेच ठेवला. समोर एक लांबलचक दांडा आणि सहा बटणे. माझा अंगठा सवयीने स्टार्ट शोधू लागला. मी मिनिटभरही टिकले नाही. पोरे हसली. त्याचे मला फारसे काही वाटले नाही. पण दादाही हसला.

त्याचे दप्तर पायरीवर टाकून मी घरी आले. पुन्हा त्या पायरीवरही बसले नाही.

या खेळाच्या जुन्या आवृत्त्या २०१८ साली एकत्र निघाल्या. बारा खेळ एकाच संचात. तो संच माझ्या लेकीने मिळवला. गेल्या भाऊबीजेला दादाला ओवाळून उठते आहे, तोच ती म्हणाली, “मामा, आई तुला हरवेल.”

“अजून लाथाच मारते का?” दादा म्हणाला.

त्याच्या लक्षात असेल असे मला वाटले नव्हते. त्याने तबकातले ओवाळणीचे पाकीट उचलले, त्यावर चिकटवलेला रुपया नखाने सोडवला आणि टीव्हीखालच्या फळीवर ठेवला.

“तुझा नंबर,” तो म्हणाला.

मी ‘चॅम्पियन एडिशन’ लावली आणि चुन-ली घेतली. त्यानेही चुन-लीच घेतली, दुसऱ्या रंगाची. पहिली फेरी मी जिंकले. दुसरीत त्याने मला धरून असे काही आपटले, की लेक खदखदून हसली.

“हसू नकोस गं,” दादा तिला म्हणाला.