तोळाभर सुगंधाची चैन

कानपूरहून ग्रँड ट्रंक रस्त्याने कन्नौजकडे निघाले की थोड्याच वेळात मंधना लागते. तेथून बिठूरचा फाटा फुटतो. १८१८ मध्ये राज्य गेल्यानंतर दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी उरलेले आयुष्य या बिठूरला गंगाकाठी काढले. त्यामुळे काशी-प्रयागच्या यात्रेला आलेली मराठी मंडळी वाट वाकडी करून तेथे जातात, घाट पाहतात आणि कानपूरला परततात. फाट्याला न वळता सरळ गेले तर तास-दीड तासात कन्नौज येते, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. ज्यांच्या असते ते बहुधा आईने किंवा आजेसासूने सांगितलेली एक वस्तू आणायला निघालेले असतात, ती म्हणजे अत्तराची कुपी.

तशी ही वस्तू कोणाच्याच गरजेची नाही. किराणा, शाळेची फी, औषधपाणी यांच्या यादीत तिला जागा नसते. तरीही महिन्याचा हिशेब पैन्‌पैने लिहिणारी गृहिणी येथे बोटाएवढ्या कुपीसाठी एका बऱ्यापैकी साडीचे पैसे मोजते, आणि घरी गेल्यावर तिला त्याची रुखरुख लागत नाही. असे का व्हावे, हे दुकानाच्या गादीवर बसून उमगत नाही. त्यासाठी मागच्या अंगणातल्या भट्टीपर्यंत जायला हवे.

कन्नौज म्हणजे जुने कान्यकुब्ज. सातव्या शतकात सम्राट हर्षवर्धनाची ही राजधानी होती. पुढे या नगरासाठी प्रतिहार, पाल आणि राष्ट्रकूट ही तीन घराणी पिढ्यान्‌पिढ्या झगडली. वेरूळचे कैलास लेणे ज्यांच्या काळात खोदले गेले तेच हे राष्ट्रकूट. त्यांच्यातल्या तिसऱ्या इंद्राने दहाव्या शतकाच्या आरंभी कन्नौज घेतलेही, पण ते हाती राहिले नाही. १०१८ मध्ये गझनीच्या महमुदाची धाड आली आणि १५४० मध्ये याच परिसरात शेरशहाने हुमायूनला हरवले. एवढा इतिहास मनात घेऊन राजवाडे शोधायला आलेल्याची मात्र निराशा होते. गंगा गावापासून दूर सरकली आहे. रस्त्याच्या कडेने बटाट्याची शीतगृहे, सायकल-रिक्षा, धूळ. १९९७ मध्ये जिल्ह्याचे ठिकाण झाले तरी गावाची चाल तालुक्याच्या गावाचीच आहे.

जुन्या वस्तीत शिरले की मात्र नाक जागे होते. अरुंद बोळ, त्यात लाकडी दारांची जुनी घरे, आणि एखाद्या दारातून मोगऱ्याचा, तर पुढच्या दारातून ओल्या लाकडासारखा काहीतरी उग्र वास. दारावर पाटी असेलच असे नाही. आत गेले की अंगणात विटांच्या भट्ट्यांची रांग दिसते आणि प्रत्येक भट्टीवर तांब्याचे एक मोठे, काळवंडलेले भांडे. ही ‘देग’.

देगेत पाणी आणि पाकळ्या घालतात. वर झाकण ठेवून त्याची कड कापूस कालवलेल्या चिकणमातीने लिंपून टाकतात, म्हणजे वाफ कोठूनही निसटू नये. झाकणातून बांबूची एक नळी निघते. तिला दोरी गुंडाळलेली असते. नळीचे दुसरे टोक लांब मानेच्या तांब्याच्या घड्यात जाते. हा ‘भपका’, आणि तो बसतो थंड पाण्याच्या हौदात. खाली लाकडे आणि गोवऱ्यांचा जाळ. फुलांची वाफ नळीतून भपक्यात येते, गार होते, आणि भपक्यात आधीच घालून ठेवलेल्या चंदनाच्या तेलात तिचा सुगंध मुरतो. सगळ्या अत्तराचे मर्म येथे आहे. फुलाचा वास उडून जाणारा असतो, चंदन त्याला धरून ठेवते.

या सगळ्यात ना घड्याळ, ना तापमापक. कारागीर भपक्याला बाहेरून हात लावतो, हौदातले पाणी किती तापले ते बोटाने पाहतो आणि जाळ कमी-जास्त करतो. जाळ वाढला तर फूल करपते आणि अत्तराला जळका वास लागतो. कमी पडला तर दिवस फुकट. संध्याकाळी भपका उतरवून निवू देतात. तेल वर तरंगते, खाली साठलेले पाणी बुडाच्या भोकातून काढून घेतात. दुसऱ्या दिवशी त्याच तेलावर पुन्हा ताजी फुले. असे दहा-पंधरा दिवस चालते, तेव्हा कोठे तेल तृप्त होते. पूर्वी तयार अत्तर उंटाच्या कातड्याच्या कुप्प्यांत भरून ठेवत, कारण कातड्यातून उरलासुरला ओलावा निघून जाई आणि तेल मात्र आत राही. आता काच आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा वापर वाढला आहे.

फूल कोणासाठी थांबत नाही, ही या धंद्यातली आणखी एक अडचण. गुलाब सूर्य वर येण्याच्या आत तोडावा लागतो, आणि तो दुपारपर्यंत पडून राहिला तरी त्याचा कस उतरतो. म्हणून अलीगढ-एटाकडच्या गुलाबाच्या शेतांजवळच भट्ट्या लावतात. केवड्यासाठी तर कन्नौजची माणसे आपली भांडी घेऊन थेट ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यात जातात. नुसत्या गुलाबाचे निव्वळ तेल काढायचे म्हटले तर एका किलोला तीन-चार हजार किलो फुले लागतात. कुपीवरची किंमत वाचून कपाळाला आठ्या घालणाऱ्याने हा आकडा एकदा मनात घोळवावा.

गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहाँने लावला, असे येथे आलेल्या प्रत्येकाला ऐकवले जाते. जहांगीर बादशहाने मात्र आपल्या आठवणींत त्याचे श्रेय नूरजहाँच्या आईला, अस्मत बेगमला दिले आहे. जावयाने सासूचे कौतुक लिहून ठेवावे आणि लोकांनी ते बायकोच्या नावावर लावावे, असा हा प्रकार!

पण कन्नौजची खरी करामत गुलाबात नाही. गुलाब जगात इतरत्रही गाळतात. येथे गाळतात माती. उन्हाने तापून सुकलेली माती आणून तिच्या चकत्या भट्टीत भाजतात आणि फुलांऐवजी त्याच देगेत घालतात. भपक्यातल्या चंदनात उतरतो तो मृगाच्या पहिल्या सरीचा वास. ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये या वासाचा अभ्यास करून त्याला ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले, तेव्हा उत्तर प्रदेशात हा वास आधीपासूनच कुपीत भरून विकला जातो, याची नोंद त्यांनी आपल्या लेखात केली होती. परगावी किंवा परदेशी राहणाऱ्या मुलाला पाठवायला अनेकजण हीच कुपी का निवडतात, हे निराळे सांगायला नको.

आता खर्चाचे. अलीकडच्या वर्षांत अस्सल चंदनाच्या तेलाचा भाव किलोमागे लाख रुपयांच्या वर गेला आहे. म्हणजे दहा ग्रॅम अत्तरात नुसते तेलच हजार रुपयांहून अधिकचे झाले. फुले, सरपण, पंधरा दिवसांची मजुरी वेगळीच. चंदनाचे झाड मुरायला दशके लागतात. कर्नाटकात तर २००१ मधल्या कायदेबदलापर्यंत खासगी जमिनीत उगवलेले चंदनही सरकारचेच असे, मग ते लावतो कोण? चोरटी तोड झाली, जंगले विरळ झाली, आणि भावाने आकाश गाठले. तेव्हा कन्नौजच्या अनेक भट्ट्यांवर चंदनाच्या जागी लिक्विड पॅराफिन आले. त्याला स्वतःचा वास नाही, भाव अगदी कमी. मात्र चंदनाने फुलाला जी सोबत दिली असती ती त्याला देता येत नाही. त्यापुढची पायरी म्हणजे देग-भपका काहीच नाही, रासायनिक वास आणि तेल यांचे नुसते मिश्रण. लेबल मात्र तेच आणि गुलाबाचे चित्रही तेच.

म्हणूनच शंभर-दीडशे रुपयांना ‘अस्सल चंदनातले’ दहा ग्रॅम अत्तर देणारा दुकानदार भेटला तर वरचा हिशेब आठवावा. स्वस्त अत्तर घेणे हा गुन्हा नव्हे. पॅराफिनमधले म्हणून सांगून विकले तर त्यातही बरे अत्तर मिळते. फसवणूक होते ती चंदनाचे पैसे घेऊन पॅराफिन दिल्यावर. चांगले दुकानदार स्वतःच विचारतात, कशातले हवे? घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते थांबवतातही: ‘बहनजी, आता मनगटाला लावा, बाजार फिरून या, संध्याकाळी पुन्हा वास घ्या. मग ठरवा.’ हा सल्ला अगदी रास्त आहे. नकली वास पहिल्या मिनिटाला सर्वांत छान असतो आणि तासाभरात चपटा पडतो. खरे अत्तर सुरुवातीला जरा जडच वाटते. अंगाच्या उबेने ते हळूहळू उलगडते आणि रात्री उशिराही मनगटावर चंदन रेंगाळत राहते.

कन्नौजच्या सुगंधाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी १९९१ पासून येथे सरकारी सुगंध व स्वाद विकास केंद्र काम करते आहे आणि तेथे नमुने तपासण्याचीही सोय आहे. या गावाचे मोठे गिऱ्हाईक मात्र लग्नघर नाही की देवघर नाही. ते आहे पानमसाला आणि जर्दा. येथला गुलाब, केवडा, वाळा मोठ्या प्रमाणावर तंबाखूच्या पुड्यांत जातो. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, आणखीही राज्यांनी घातली, तेव्हा त्याचे चटके येथल्या भट्ट्यांनाही बसले. फुलांची एवढी मेहनत शेवटी पिचकारीत जावी, याचे वाईट वाटते. पुडीच्या कारखानदाराला चंदनाशी कर्तव्य नाही, त्याला हवा माफक दरात भपकेदार वास. चंदनातले अत्तर काढण्याचा खटाटोप एखाद्या भट्टीवर आजही चालतो तो तोळा-दोन तोळे मागणाऱ्या गिऱ्हाइकांच्या जिवावर.

आपल्या घरांतून अत्तर तसे हद्दपारच झाले आहे. लग्नात मनगटाच्या मागच्या बाजूला अत्तराचे बोट लावणे आणि गुलाबदाणीतून पाणी शिंपडणे, एवढाच त्याचा संबंध उरला. तोही आता बहुधा बाटलीतल्या कोणत्या तरी वासावर भागवतात. आजोबांच्या पिढीतले लोक हिन्याचा फाया कानात ठेवीत. त्यातही ऋतूंचा हिशेब असे. हिना आणि शमामा उष्ण मानलेले, म्हणून थंडीत. वाळा, गुलाब, मोगरा, माती उन्हाळ्यात. हे अत्तर कपड्यावर लावू नये, तेलाचा डाग पडतो आणि पैठणीवर पडला तर रडण्याची वेळ येते. टाचणीच्या डोक्याएवढे कातडीवर पुरते. या मापाने दहा ग्रॅमची कुपी वर्षभर सहज चालते, आणि जपून वापरणाऱ्या घरात दोन-तीन दिवाळ्या काढते. वर्षाच्या दिवसांनी किंमत भागून पाहिली तर रोजचा खर्च कटिंग चहाहून कमी भरतो!

जायचे तर काय पाहायचे आहे त्यावर महिना ठरवावा. गुलाबाचा हंगाम साधारण मार्च-एप्रिलचा, मोगऱ्याचा उन्हाळ्याचा. हिन्याची खरेदी थंडीत करणे बरे, तेव्हा दुकानदारही त्याच नादात असतात. कानपूरहून फर्रुखाबादच्या बाजूला जाणाऱ्या गाड्या कन्नौजला थांबतात. लखनौहून आग्र्याच्या द्रुतगती मार्गानेही येता येते. भट्टी पाहायची असेल तर सकाळी जावे आणि आधी विचारावे, कारण ती माणसांची घरे आहेत. कुपी सामानात ठेवताना बूच घट्ट करून स्टीलच्या डब्यात उभी ठेवावी.

आणि अत्तराचा भाव झेपत नसेल तर गुलाबजल आहेच. ते वेगळ्या देगेतून, भपक्यात तेल न घालता काढतात, आणि चांगल्यातली एक बाटली कुपीच्या मानाने फारच थोड्या पैशांत येते. खाण्यासाठी चालेल का, एवढे विचारून घ्यावे. चालत असेल तर बासुंदीत दोन चमचे पुरतात.