परड्याचा ताळेबंद

आमच्या घरामागे २० फूट रुंद आणि ३० फूट लांब परडे आहे. दिवाळीनंतर त्याची दुरुस्ती निघाली आणि घरात दोन पक्ष झाले. काकांचे मत सरळ होते : सगळीकडे सिमेंट ओतावे, चिखल नको, विंचू-किरडू नको, वर दोन स्कूटर उभ्या राहतील. आजी काहीच बोलली नाही. नुसती आडाकडे बघत बसली.

वाणिज्य शाखेच्या मुलीला वाद घालायला आकडे लागतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबाने आमच्या ६०० चौरस फुटांवर एक इंच पाऊस पडला, की सुमारे १४०० लिटर जमा! आणि बेळगावचा पाऊस एका इंचावर कधी थांबतो? ते सारे गटारात सोडले तर आडात काय उतरणार? १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत अजून आहे. आमच्या आडाला तसला मान नाही. पण नळ रुसला की गल्लीतल्या घागरी इथेच येतात.

मग वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढला. सिमेंटऐवजी वाळूवर बसवलेली शहाबादी फरशी, सांधे बोटभर मोकळे. आजीचे गुडघे दुखतात, म्हणून तुळशीपर्यंतची वाट ३ फूट रुंद, सपाट. पायरी कुठेच नाही. मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू. कढीलिंब स्वयंपाकघराच्या दाराशीच, कारण फोडणी तडतडत असताना कोण लांब जातो? झोपाळा आंब्याला, शेवग्याचे लाकूड ठिसूळ. आडावर लोखंडी जाळी. पिवळी कण्हेर मात्र काढायची. तिच्या बिया विषारी, आणि काकांचा धाकटा सध्या हाताला येईल ते तोंडात घालतो. हे कलम काकूने तत्काळ मंजूर केले.

शेजारच्या अज्जी कुंपणापलीकडून ऐकत होत्या. ‘हित्तल गिड मद्दल्ल’ अशी कन्नडमध्ये म्हण आहे. परड्यातल्या झाडाला औषध कोण म्हणतो! अज्जींनी ती ऐकवली आणि लगेच नातवाच्या खोकल्यासाठी आमच्याकडून दोड्डपत्रेची चार पाने मागून नेली. आमची आजी त्यांना ओव्याची पाने म्हणते. झुडूप एकच.

काका आता एका स्कूटरवर आले आहेत. फाटकाजवळचा कोपरा त्यांना दिला. गवंडी सोमवारी येणार. आजीने आजच तुळशीभोवती सुतळी बांधून हद्द आखून ठेवली आहे.