मीठ बघणारी माणसं

मागे घेणं ही क्रिया आपल्याला तशी नवी नाही. संप मागे घेतले जातात, राजीनामे मागे घेतले जातात आणि उमेदवारी अर्ज मागे घेण्यासाठी तर सरकारनं खास मुदत नेमून दिली आहे. विधानसभेत शब्द मागे घेतले जातात. ते घेताना वक्त्याचा चेहरा असा काही होतो, की मूळचे शब्दच बरे होते असं वाटावं. पण हजारो लोकांच्या खिशात जाऊन बसलेली वस्तू मागे घ्यायची म्हणजे काय करायचं? आणि घेतलीच, तर लोक काय म्हणतात?

हे ज्ञान मला माझ्या भाच्यामुळे झालं. ३ जानेवारी २०२४ रोजी ॲपल कंपनीनं आयफोनसाठी आयओएस १७.३ ची दुसरी 'बीटा' आवृत्ती सोडली आणि काही तासांतच गुपचूप मागे घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा चहाच्या आधी बातमी घेऊन हजर.

"मामा, लोकांचे फोन आडवे झाले!"

बीटा हे ग्रीक वर्णमालेतलं दुसरं अक्षर. पहिलं अल्फा. अल्फा म्हणजे घरातल्यांनीच चाखायचं, बीटा म्हणजे बाहेरच्यांच्या हातावर घालायचं. आमची आई कढईतली भाजी पळीनं हातावर घालून म्हणायची, "जरा मीठ बघ रे." तेच हे. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नाही, हा नियम सॉफ्टवेअरला लागू नाही एवढंच. आयफोनच्या बाबतीत पूर्वी हा मान ज्याला त्याला मिळत नसे. वर्षाला ९९ डॉलर भरून नाव नोंदवणाऱ्या जाणकारांच्याच हातावर ती पळी रिकामी होई. २०१५ साली कंपनीनं सर्वसामान्यांची वेगळी पंगत मांडली आणि २०२३ च्या जूनमध्ये जाणकारांची पंगतही फुकट केली. फुकट म्हटल्यावर मीठ बघणारे किती वाढले असतील, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

तर ही दुसरी आवृत्ती काहींनी फोनमध्ये घातली, फोन पुन्हा सुरू झाला आणि काळ्या पडद्यावर एक इवलंसं चक्र फिरू लागलं. फिरलं, थांबलं, फोन पुन्हा सुरू झाला, पुन्हा चक्र. पुण्याहून निघालेली गाडी रात्रभर धावून सकाळी पुण्यालाच यावी, तसा प्रकार. शेवटी फोन संगणकाला जोडून जुनी आवृत्ती नव्यानं घालायची, हाच उपाय.

भाच्यानं मला जगभरच्या लोकांचे उद्गार वाचून दाखवले. त्यावरून माझ्या लक्षात आलं, की माणसं कुठल्याही देशातली असोत, पंगतीला बसली की सारखीच.

पहिली जात, ज्यांचा फोन खरोखरच आडवा झाला त्यांची. त्यांचा संताप समजण्यासारखा होता. फक्त, 'रोजच्या वापरातल्या फोनवर हे घालू नका' ही सूचना वाचून मगच त्यांनी ते रोजच्या फोनवर घातलेलं होतं. विहिरीत उडी मारल्यावर आत पाणी असल्याची तक्रार करावी, तसं काहीसं.

दुसरी जात याहून दुःखी. त्यांना आवृत्ती मिळायच्या आधीच मागे घेतली गेली. जिलबी खराब निघाली म्हणून वाढप्यानं ताट उचललं, तर जिच्या पानात ती पडलीच नाही ती पंगत जास्त खवळते. 'आमच्यापर्यंत येईपर्यंतच कशी संपली?' हा प्रश्न लग्नाच्या हॉलमध्ये विचारतात तोच, त्याच आवाजात.

तिसरी जात, 'माझा तर झकास चाललाय' म्हणणाऱ्यांची. सगळ्या सोसायटीचं पाणी गेलेलं असताना आपल्या नळाला धो धो येतंय, हे जिन्यात उभं राहून सांगणारे ते हेच. यांच्या फोनचं चक्र एकदा तरी फिरावं, अशी प्रार्थना पहिल्या जातीनं नक्की केली असेल.

चौथी जात वयस्कर आणि इतिहासतज्ज्ञ. ते २०१४ पासून सुरुवात करतात. त्या वर्षी २४ सप्टेंबरला आलेली आयओएस ८.०.१ ही काही चाखायची पळी नव्हती. थेट पानात वाढलेला पदार्थ होता. नव्याकोऱ्या आयफोन ६ आणि ६ प्लसवर ती घातली, की फोनची सेवाच गायब होई आणि मालकाचं बोटही ओळखीचं वाटेनासं होई. म्हणजे फोनवर सगळं करता येई, फक्त फोन करता येत नसे. तासाभरानंतर ती मागे घेतली गेली. कंपनीच्या हिशेबानं ४०,००० पेक्षा कमी फोनांना बाधा झाली होती, आणि दुसऱ्याच दिवशी ८.०.२ आली. मग हे तज्ज्ञ २०१८ वर येतात. आयओएस १२ ची सातवी बीटा १३ ऑगस्टला आली, फोन गोगलगायीसारखे चालू लागले, त्याच दिवशी ती मागे घेतली गेली आणि १५ ऑगस्टला आठवी येऊन सगळे स्वतंत्र झाले. 'आम्ही हे सगळं पाहिलंय' हे पालुपद प्रत्येक वर्षानंतर असतंच.

या गलक्यात पाचवी जात मला जवळजवळ ऐकूच आली नाही. ही माणसं रागावली नाहीत असं नाही. पण रागावता रागावता एकमेकांना विचारत होती, 'तुझ्या फोनवर काय काय चालू होतं?' याद्या जुळवता जुळवता सापडलं, की ज्यांनी 'बॅक टॅप' चालू ठेवलं होतं त्यांचेच फोन अडकत होते. फोनच्या पाठीवर दोनदा किंवा तीनदा टिचकी मारली की नेमून दिलेलं काम करायचं, अशी ही सोय २०२० च्या आयओएस १४ पासून आहे. हौशी लोक ती गंमत म्हणून वापरतात. पण सेटिंग्जमध्ये ती सापडते अपंगांसाठीच्या सोयींच्या कप्प्यात. म्हणजे ज्यांची बोटं नीट चालत नाहीत, त्यांच्याच हातातली काठी नेमकी मोडली होती.

इथे भाचा वाचायचा थांबला. कारण त्याच्या आईची, म्हणजे माझ्या ताईची, बोटं संधिवातानं आखडली आहेत. फोनच्या कडेचं बारीक बटण तिला दाबवत नाही. भाच्यानंच तिला टिचकीवर आवाज मोठा होण्याची सोय करून दिली आहे. दुपारी ती फोनच्या पाठीवर दोनदा टकटक करते, दार वाजवावं तशी, आणि कीर्तनकारांचा आवाज वाढतो.

९ जानेवारीला तिसरी बीटा आली, आणि २२ जानेवारीला पक्की आवृत्ती सगळ्यांच्या पानात पडली. ताईच्याही.

"पुन्हा काहीतरी आलंय बाई," ती फोन लांब धरून म्हणाली. "घेऊ का रे? बिघडणार नाही ना काही?"

"घे आई. लोकांनी आधी चाखून पाहिलंय."

"म्हणजे उष्टंच की!"

"शबरीची बोरंसुद्धा उष्टीच होती, ताई," मी म्हटलं.

"हो, पण तिनं असा गावभर आरडाओरडा नव्हता केला."

आता यावर काय बोलणार? तरी मला आपलं वाटतं, आंबट बोर दाताखाली आल्यावर शबरीनंसुद्धा तोंड वाकडं केलं असणारच. नाहीतर कुठलं बोर बाजूला टाकायचं, हे तिला तरी कसं कळलं असतं?